कापसापासून सुतापर्यंत : घटीचा हिशेब

कापूस हे वर्धा जिल्ह्याचे एक प्रमुख नगदी पीक होय. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी येथील बाजारांत येणारा कापूस जिनिंग कारखान्यांत जातो आणि त्यातून निघालेली रुई पुढे सूतगिरण्यांत व खादी संस्थांत सुताचे रूप घेते. या प्रत्येक टप्प्यावर मालाचे वजन घटते. ही गोष्ट सर्वांस ठाऊक असली, तरी ती किमतीत कशी धरावयाची याबाबत लहान उद्योगांत अनेकदा गफलत होते. सुताचा भाव कमी ठरतो आणि ती तूट अखेरीस कातणाऱ्याच्या मजुरीवर येऊन पडते.

उताऱ्यावरून रुईची किंमत

हिशेब सुलभ व्हावा म्हणून काही भाव गृहीत धरू. १०० किलो कापूस किलोस ७० रुपये दराने घेतला, तर ७,००० रुपये खर्च झाला. त्यातून ३४ किलो रुई व ६४ किलो सरकी निघाली. २ किलो कचरा व धूळ यांत गेले. सरकी ३० रुपये दराने विकून १,९२० रुपये आले. ते वजा जाता उरलेले ५,०८० रुपये ३४ किलो रुईवर पडतात. म्हणजे रुई किलोस सुमारे १४९ रुपये ४० पैशांस पडली. जिनिंगची मजुरी यात धरलेली नाही. वाया गेलेल्या २ किलोंची किंमत वेगळी मांडावी लागत नाही; ती रुईच्या किमतीतच सामावली जाते.

नेहमीची चूक

रुई पिंजून, पेळू करून सूत काढताना पुन्हा घट येते. ती २० टक्के व रुईचा भाव १५० रुपये मानू. १०० किलो सुतासाठी किती रुई लागेल? पुष्कळ ठिकाणी १०० मध्ये २० मिळवून १२० किलो, असे उत्तर दिले जाते. परंतु १२० किलो रुईतून २४ किलो घट जाता ९६ किलोच सूत हाती येते. घट ही सुतावर नसून रुईवर असते. म्हणून १०० ला ०.८० ने भागावे. उत्तर १२५ किलो येते. पहिल्या रीतीने सुताचा कच्चा माल किलोस १८० रुपये पडतो, दुसऱ्या रीतीने १८७ रुपये ५० पैसे. चुकीच्या रीतीने भाव ठरविणाऱ्या संस्थेस प्रत्येक किलोमागे साडेसात रुपयांची झीज सोसावी लागते. टाकाऊ कापूस विकला जात असेल, तर ती रक्कम मात्र खर्चातून वजा करावी.

साधारण व असाधारण घट

कामाच्या स्वरूपामुळे जी घट अटळ असते ती साधारण घट होय. तिचा भार चांगल्या मालाने उचलावा. पावसात भिजलेला माल, यंत्रातील बिघाड वा हलगर्जीपणा यांमुळे होणारी अधिक घट ही असाधारण होय. १०० किलो रुईतून ८० ऐवजी ७८ किलोच सूत निघाले, तर कमी पडलेल्या २ किलोंचे ३७५ रुपये नफातोटा खाती स्वतंत्र दाखवावे. ते सुताच्या किमतीत मिसळले, तर ग्राहकास भुर्दंड पडतो आणि दोष कोठे आहे हेही झाकले जाते.

वर्ध्याची परंपरा

ग्रामोद्योगाचा हिशेब काटेकोर असावा, हा विचार वर्ध्यास नवा नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य मगनवाडीतून चाले आणि त्याची धुरा वाहणारे जे. सी. कुमारप्पा हे स्वतः व्यवसायाने लेखापाल होते. १९३८ मध्ये तेथेच मगन संग्रहालय उभे राहिले.

आज लहान उद्योगांनी व बचत गटांनी एवढे केले तरी पुरे : प्रत्येक टप्प्यावर आत आलेला व बाहेर पडलेला माल तोलावा, त्याची नोंदवही ठेवावी आणि काही हंगामांच्या सरासरीवरून आपली साधारण घट ठरवावी. भाव ठरविण्यापूर्वी ही नोंदवही उघडली, तर कातणाऱ्याची मजुरी सुरक्षित राहील.