डोक्यावरचे विमान आणि चार अंशांचे गणित

बालमित्रांनो, तुमच्या घरी नकाशावही आहे ना? मग ती उघडा, पट्टी घ्या आणि मुंबई व अहमदाबाद ही दोन शहरे जोडणारी सरळ रेघ ओढा. आहे की नाही गंमत? रेघ पालघर-बोईसरच्या अगदी जवळून जाते!

आता अंतर काढू. मुंबईचा विमानतळ साधारण १९.१ उत्तर अक्षांशावर आहे, अहमदाबादचा २३.१ वर. फरक ४ अंशांचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणून ४ × १११ = ४४४ किलोमीटर. दोन्ही शहरांचे रेखांश जवळजवळ सारखेच, म्हणून हे सोपे गणित इथे चालते. पूर्व-पश्चिम अंतराला मात्र ते चालणार नाही, बरं का! लोहमार्गाने हेच अंतर ४९० किलोमीटरहून जास्त भरते, कारण रूळ गावे आणि नद्यांचे पूल बघत वळणे घेत जातात.

मोठे जेट विमान उंचावर ताशी ८०० किलोमीटर वेगाने उडते. मग ४४४ किलोमीटरला किती वेळ? अवघी ३३ मिनिटे! पण तिकिटावर सव्वा तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लिहिलेला असतो. का बरं? कारण विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे ही कामे पूर्ण वेगाने होत नाहीत. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दी असली की विमानाला आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला आले. त्यांचे ‘पुस मॉथ’ विमान चिमुकले होते. त्याचा वेग ताशी १६० किलोमीटर धरला, तर अहमदाबाद ते मुंबई हा टप्पा पावणेतीन तासांचा होतो. आणि अहमदाबादला त्या विमानासाठी पेट्रोल आले ते चक्क बैलगाडीतून!

आता खरा प्रश्न. समजा, पालघरच्या ताईला दुपारी २ वाजता अहमदाबादला मुलाखतीला हजर व्हायचे आहे. बाबा म्हणतात, “विमानाने काय, सव्वा तासाचं तर काम! साडेबाराला निघ.” ताई पोहोचेल का?

मांडा हिशेब. लोकलने अंधेरी आणि तिथून विमानतळ : २ तास. विमान सुटण्याआधी हजेरी : २ तास. विमान : १ तास २० मिनिटे. सामान घेऊन शहरात पोहोचणे : १ तास. बेरीज ६ तास २० मिनिटे. म्हणजे ताईने सकाळी ७.४० लाच घर सोडायला हवे, आणि तेही विमान वेळेवर सुटले तर! पालघरला थांबणारी रात्रीची गाडी पकडली, तर प्रवास साधारण सात तासांचा, पण ताई झोपेत पोहोचते आणि सकाळीच अहमदाबादला उतरते.

म्हणून मुलांनो, प्रवासाचा वेळ मोजायचा तो घराच्या उंबऱ्यापासून. बांधकाम सुरू असलेल्या ५०८ किलोमीटरच्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला बोईसर हे स्थानक असणार आहे. ती धावू लागली की हाच हिशेब पुन्हा मांडा आणि आई-बाबांना दाखवा.

जाता जाता एक गणित : सुरतचा विमानतळ २१.१ अक्षांशावर आहे. मुंबईहून हवाई अंतर किती? (उत्तर : सुमारे २२२ किलोमीटर. आधी वहीत मांडलंत ना?)