‘छान, ओळखलंत!’

मानसशास्त्र शिकणाऱ्या एका वाचक मुलीने विचारले आहे : पुढे कायद्याशी संबंधित संशोधन करायचे, तर गुन्हेगारांची मने वाचावी लागतील ना? मालिकांनी करून दिलेला हा समज. या क्षेत्रातला माझा आवडता माणूस, गॅरी वेल्स, गुन्हेगारांच्या वाटेला फारसा गेलाच नाही.

ओहायो स्टेटची डॉक्टरेट घेऊन वेल्स आधी कॅनडातल्या अल्बर्टात आणि मग आयोवा स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. साक्षीदारांनी पटवलेल्या ओळखीवरच्या 1978 च्या निबंधात त्यांनी साधी विभागणी मांडली. अंधार किती होता, साक्षीदार किती घाबरला होता, हे कुणाच्या हातात नसते. ओळख परेड कशी घ्यायची, हे यंत्रणेच्या हातात असते. तेव्हा अभ्यास हातातल्या गोष्टींचा करा. एलिझाबेथ लॉफ्टस यांचे स्मृतीवरचे प्रयोग जास्त गाजले, तेही रास्तच. पण पोलीस ठाण्यातली कामाची रीत बदलायला वेल्स यांचीच विभागणी अधिक उपयोगी पडली.

त्यांचा आणि एमी ब्रॅडफिल्ड यांचा 1998 चा प्रयोग तर लाजवाब! लोकांना दुकानातल्या कॅमेऱ्याची धूसर चित्रफीत दाखवली, मग काही फोटो. फोटोंत चित्रफितीतला माणूस नव्हताच, तरी प्रत्येकाने कुणावर तरी बोट ठेवले. काहींना एवढेच म्हटले, ‘छान, तुम्ही संशयिताला ओळखलंत.’ नंतर हेच लोक सांगू लागले, की आपल्याला आधीपासूनच खात्री होती, चेहरा नीट दिसला होता, लक्षही पूर्ण होते. असा साक्षीदार उलटतपासणीत डगमगणार कसा? तो खोटे बोलतच नसतो!

यावर उपाय दोन. परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे ठाऊक नसावे. नाहीतर तोंडी परीक्षेत मास्तरांच्या भुवयांवरून उत्तर हेरावे, तसे साक्षीदाराचे होते. आणि साक्षीदाराला किती खात्री आहे, ते त्याच्याच शब्दांत तिथल्या तिथे लिहून घ्यावे. न्यू जर्सी राज्याने 2001 मध्ये, शक्य तिथे परेड घेणारा तपासाबाहेरचाच असावा, असे ठरवले.

गंमत म्हणजे आपल्याकडे पोलीस परेडीतून बाहेर पडले ते प्रयोगांमुळे नव्हे, अविश्वासामुळे. पोलिसांपुढे दिलेला जबाब पुरावा म्हणून चालत नाही. त्यांच्यासमोर पटवलेली ओळख हाही जबाबच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये मुंबई राज्याच्या एका खटल्यात म्हटले. म्हणून परेड दंडाधिकारी घेतात. पण डमी माणसांच्या रांगेत आरोपीला उभे राहायला सांगणारेही तेच. आरोपी कोण, हे त्यांना पक्के ठाऊक असते. वेल्स यांच्या कसोटीला आपली परेड अर्धीच उतरते.