वाकवलेली तार कडक का होते?

तापवून मऊ केलेली तांब्याची जाड तार वाकवा. आता ती सरळ करून पाहा. अधिक जोर लागतो ना? असे का व्हावे?

धातू हा असंख्य स्फटिककणांचा बनलेला असतो. कणांतील अणूंच्या रांगांत मधूनमधून दोष असतात. हे दोष सरकतात, म्हणूनच धातू वाकतो. पण वाकताना दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि धातू कठीण होतो.

१९७०च्या दशकात सोव्हिएत संघात सेगल व सहकाऱ्यांनी धातूचा दांडा वळणदार साच्यातून पुन्हापुन्हा दाबून काढण्याची रीत शोधली. यात दोषांच्या भिंती बनून कणांचे अतिसूक्ष्म तुकडे होतात. जितक्या भिंती अधिक, तितकी बळकटी अधिक! मात्र असा धातू फार तापवला, तर कण पुन्हा वाढतात आणि कमावलेली बळकटी जाते.