मुलांचे चित्रपट, मुलांची पुस्तके आणि हैदराबादचा धडा

दिवाळीची सुट्टी लागली की वसईकडच्या आमच्या धर्मग्रामातील आईबापांचे एक मागणे ठरलेले असते. "फादर, मुले दिवसभर मोबाइल घेऊन बसतात, त्यांना काही चांगले दाखवा, काही चांगले वाचायला द्या." चांगले म्हणजे कसे, असे आम्ही विचारले की उत्तर बहुधा एकच मिळते : ज्यात मारामारी नाही, वाईट बोलणे नाही, असे. ह्या उत्तरात चूक नाही. परंतु ते किती अपुरे आहे, हे आमच्या ध्यानी येण्यास हैदराबादचा एक प्रवास कारण झाला.

मराठी माणसाला हैदराबाद परके नाही. १९५६ सालापर्यंत मराठवाड्याचे जिल्हे त्याच राज्यात होते आणि तिकडील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी ते नाव अजूनही जुन्या राजधानीच्या आपुलकीने येते. आम्हांस मात्र त्या नगरीचे आकर्षण निराळ्याच कारणासाठी होते. मुलांच्या चित्रपटांना भारतात जर कोणते गाव मिळाले असेल, तर ते हैदराबाद होय.

त्याची हकिकत थोडक्यात अशी. पंडित नेहरूंच्या प्रेरणेने १९५५ साली बाल चित्रपट संस्था निघाली. केदार शर्मा ह्यांनी तिच्यासाठी केलेल्या 'जलदीप' ह्या चित्रपटाला १९५७ साली व्हेनिस येथे मुलांच्या उत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मिळाले. (त्याच वर्षी पोप पायस बारावे ह्यांनी चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी ह्यांविषयी एक परिपत्रक काढले आणि प्रेक्षकाला पाहण्याचेही शिक्षण दिले पाहिजे, असा आग्रह त्यात धरला. दुर्दैवाने पुष्कळ वर्षे आम्ही धर्मगुरूंनी त्यातील मनाईचाच भाग अधिक लक्षात ठेवला.) पुढे १९७९ पासून ह्या संस्थेचा आंतरराष्ट्रीय बालचित्रपट महोत्सव भरू लागला. आरंभी तो गावोगाव फिरे. १९९५ पासून हैदराबाद हे त्याचे कायमचे ठिकाण ठरले. सोनेरी हत्ती हे त्याचे मानचिन्ह. शाळाशाळांतून मुले थेटरांत आणली जात आणि इराण, चीन, युरोप येथील मुलांची सुखदुःखे पडद्यावर पाहत. २०१७ साली तेथे विसावा महोत्सव झाला. २०२२ साली ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली.

परंतु हैदराबादला एक दुसरी बाजूही आहे. १९९० च्या डिसेंबरात तेथील जुन्या शहरात हिंदू-मुसलमानांच्या भीषण दंगली झाल्या. शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारले. हेन्री मार्टिन ही ख्रिस्ती संस्था, जी १९३० साली लाहोरास स्थापन झाली आणि १९७१ पासून हैदराबादेत आहे, तोवर मुख्यतः इस्लामच्या अभ्यासात गढलेली होती. दंगलीने तिला ग्रंथालयातून रस्त्यावर आणले. सुलतानशाही ह्या वस्तीत तिने जे केंद्र काढले, त्याचे नाव 'अमन शांती'. अर्थ एकच, शब्द दोन. एक ह्या घरातला, एक त्या घरातला. तेथे मुलांची शाळा निघाली, दोन्ही धर्मांच्या बायका एकत्र शिवणकाम शिकू लागल्या. शांतीवर व्याख्यान देण्याऐवजी बायकांना एका छपराखाली शिवायला बसवणे, ही कल्पना ज्याला सुचली त्याला आम्ही मनोमन वंदन केले.

ह्याच नगरीत आमच्या सेमिनरीच्या दिवसांतील एका मित्राने आमच्या हाती काही पातळशी सचित्र पुस्तके दिली. स्त्रीप्रश्नांचा अभ्यास करणाऱ्या 'अन्वेषी' ह्या हैदराबादच्या संस्थेने 'डिफरंट टेल्स' ह्या नावाने ही मालिका सिद्ध केली. तेलुगू, मल्याळम व इंग्रजी अशा भाषांतून ती २००८ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. तिच्यामागील विचार साधा आहे. शाळेच्या पुस्तकातला मुलगा नेहमी एकाच घरातला का असतो? त्याचे वडील कचेरीत जातात, आई स्वच्छ स्वयंपाकघरात उभी असते, सुट्टीत तो मामाच्या गावी जातो. ज्याचे वडील कातडे कमावतात, ज्याच्या घरी रविवारी बकऱ्याचे मुंडके शिजते, तो मुलगा पुस्तकात आलाच तर कीव करण्यापुरता येतो. मोहम्मद खदीर बाबू ह्यांच्या गोष्टीत मुंडक्याचा रस्सा रांधणे हाच एका मुसलमान कुटुंबाचा आनंदसोहळा आहे. गोगु श्यामला ह्यांच्या गोष्टींत दलित वाड्यातील मुले आहेत. ती हुशार आहेत, खोडकर आहेत आणि कोणाच्याही दयेची वाट पाहत नाहीत.

ती पुस्तके चाळताना आम्हांस आपल्या साने गुरुजींची आठवण झाली. 'श्यामची आई' हे पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि आचार्य अत्रे ह्यांनी त्यावर काढलेल्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. आपल्या घरोघरी ते पुस्तक आहे, परंतु रडण्यासाठी. त्यातील म्हाताऱ्या महार बाईचा प्रसंग किती जणांना आठवतो? तिला मोळी डोक्यावर घेता येत नाही आणि कोणी हात लावीत नाही, तेव्हा आई श्यामला मोळी उचलून द्यावयास पाठविते. घरी आल्यावर आंघोळ कर, असेही सांगते. ती आंघोळ आम्हांस लहानपणी कोणी दाखविली नव्हती. आईची थोरवी खरी आणि ती आंघोळही खरी. मुलांना दोन्ही दिसली पाहिजेत. गुरुजी स्वतः त्या आंघोळीपाशी थांबले नाहीत. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले.

परत आल्यावर मोठ्या उत्साहाने आम्ही बालदिनाच्या सुमारास धर्मशिक्षणाच्या मुलांना एक चित्रपट दाखविला. सत्यजित राय ह्यांचा १९६४ सालचा 'टू', म्हणजे दोघे. जेमतेम पाव तासाचा, काळापांढरा, एकही संवाद नाही. एका श्रीमंत घरात एक मुलगा आपल्या खेळण्यांत एकटा आहे. खिडकीबाहेर झोपडीपाशी दुसरा मुलगा बासरी वाजवितो. आतला मुलगा कर्णा वाजवून त्याचा आवाज बुडवितो. बाहेरचा ढोल आणतो, आतला ढोल वाजविणारे माकड काढतो. शेवटी बाहेरचा पतंग उडवितो, तेव्हा आतला बंदुकीने तो पतंग फाडतो आणि विजयी होऊन खेळण्यांकडे वळतो. तोच पुन्हा बासरी ऐकू येते. इतकेच.

मुले पहिल्याने खूप हसली. पतंग फाटला तेव्हा गप्प झाली. आम्ही मग, सवयीप्रमाणे, वाटून घेण्याविषयी आणि शेजारप्रेमाविषयी दहा मिनिटे बोललो. चित्रपटात एकही शब्द नव्हता; आम्ही मात्र ती उणीव भरून काढली! बोलणे संपल्यावर सातवीतील एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "फादर, आमच्या वाडीत मोगरा खुडायला येणाऱ्या वारली बाईचा मुलगा असाच बाहेर बसतो. त्याला चहा वेगळ्या कपात देतात. मग आमचं घर त्या मुलाचं घर का?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही 'चांगला प्रश्न आहे' असे काहीतरी पुटपुटलो आणि प्रार्थना घेऊन मुलांना सोडून दिले. घरी जाताना कळले की तो कप आम्हीही पाहिला आहे. त्या ओटीवर आम्ही कितीदा तरी चहा घेतला आहे. आमचा कप नेहमी नक्षीचा असे.

दोन दिवसांनी मुलीचे वडील आले. सज्जन, कष्टाळू गृहस्थ. ते रागावलेले होते, त्याहून अधिक दुखावलेले. "फादर, मुलीने घरात चहा घ्यायचा बंद केला आहे. तुम्ही मुलांना घरच्यांविरुद्ध शिकवता काय?" आम्ही त्यांना सांगितले की आम्ही काहीच शिकविले नाही, आणि दुर्दैवाने ते खरेच होते. तिने जे पाहिले ते स्वतः पाहिले. ते पुष्कळ वेळ बसले. आम्ही त्या बाईला किती मजुरी देता, हे विचारण्याचे धैर्य गोळा करीत होतो. ते न विचारताच उठले. तथापि पुढल्या वेळी आपणही या, असे आम्ही म्हणालो तेव्हा ते नाही म्हणाले नाहीत.

आता पालकांस आमचे एक निराळे मागणे आहे. आम्हांस याद्या मागू नका, मुलांसमवेत बसा. नागराज मंजुळे ह्यांचा २०१३ सालचा 'फँड्री' आम्ही कित्येक दिवस 'मुलांसाठी नव्हे' असे म्हणून दूर ठेविला होता, कारण त्यात गावची बोली जशीच्या तशी आहे. आता वाटते, नववी-दहावीच्या मुलांनी तो पाहावा, आणि शेवटी जब्या जो दगड फेकतो तो कोणाच्या दिशेने येतो, ह्याविषयी बापाने मुलाशी बोलावे. लहानांसाठी माजिद माजिदी ह्यांचा १९९७ सालचा इराणी चित्रपट 'चिल्ड्रेन ऑफ हेवन' आहे : भावाबहिणीत बुटांचा एकच जोड, तो पाळीपाळीने घालून दोघे शाळेत धावतात. वाचणाऱ्यांसाठी 'तोत्तोचान' मराठीत मिळते. आगगाडीच्या जुन्या डब्यांतील त्या जपानी शाळेत अपंग मुलालाही झाडावर चढण्याचा मान होता. १९४५ च्या बाँबवर्षावात ती शाळा जळाली, हे पान मुलांना एकट्याने वाचू देऊ नये.

इराणी भावंडांचा तो चित्रपट आम्ही डिसेंबरात दाखविला. ते गृहस्थ आले आणि शेवटच्या बाकावर बसले. मुलीने वारली मुलालाही बोलाविण्याचे ठरविले होते, परंतु तोवर त्याचे कुटुंब वीटभट्टीवर गेले होते. भट्ट्या पावसाच्या तोंडाशी बंद होतात. तो परतल्यावर चित्रपट पुन्हा लावावा, असे तिने आम्हांस बजावून ठेविले आहे.