जुन्या बॅटरीला नवा दिवा

पाऊस लागला की आपल्या मुरबाड, शहापूर, कल्याण तालुक्यातल्या गावपाड्यांत दोन गोष्टी ठरलेल्या. रात्री लाइट जाते, आणि नेमकं तेव्हाच कुणाला तरी बाहेर जावं लागतं. कधी गोठ्याकडे, कधी परसाकडे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एक ताई अशाच गोठ्याकडे निघाल्या. हातातल्या बॅटरीचे सेल उतरलेले, उजेड विझत्या पणतीसारखा पिवळा. शेजारच्या पोरानं मागून मोबाइलचा उजेड टाकला म्हणून पावलापुढची मण्यार दिसली. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. त्यानंतरच्या बैठकीत आम्ही सगळ्यांना घरातल्या जुन्या बॅटऱ्या आणायला सांगितलं. ट्रंकेतून, माळ्यावरून बॅटऱ्या आल्या. एकीनं आजेसासऱ्यांची पितळी बॅटरी आणली. बहुतेक पेटत नव्हत्या, पण मोडलेलीही एखाद-दुसरीच होती. त्यांचं काय केलं, ते आज सांगतो.

आधी हे समजून घेऊ की जुना बल्ब सेल एवढे का खातो. त्याच्या पितळी गळ्यावर बारीक आकडे असतात. दोन सेलच्या बॅटरीत बहुधा २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर असं लिहिलेलं असतं. ०.३ अँपिअर म्हणजे ३०० मिलिअँपिअर. त्यात तार तापून लाल-पिवळी होते, म्हणजे बरीचशी वीज उष्णतेतच जाते. साधा ५ मिलिमीटरचा पांढरा एलईडी २० मिलिअँपिअरवर चालतो, म्हणजे पंधराव्या हिश्श्यावर. म्हणून तेच सेल कितीतरी जास्त रात्री पुरतात. हा पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्याच्यावरच्या पिवळ्या थरामुळे उजेड पांढरा दिसतो. निळा एलईडी बनवल्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळालं.

पण बल्ब काढून एलईडी खोचला की झालं, असं नाही. पहिल्या दिवशी आम्ही तेच केलं आणि दोन एलईडी जाळून बसलो. पांढऱ्या एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट लागतात. त्याहून जास्त मिळाले की तो हवी तेवढी वीज ओढतो आणि जळतो. म्हणून आधी बॅटरीत सेल किती ते मोजा. एक नवा सेल दीड व्होल्टचा.

दोन सेलची बॅटरी असेल तर नवे असताना तीन व्होल्ट मिळतात. सेल थोडे उतरले की एलईडी मंद होतो. इथे घरी खटपट करू नका. पोटात छोटं सर्किट असलेला, तीन व्होल्टवर चालणारा तयार एलईडी बल्ब मिळतो, तो घ्या. जुना बल्ब दुकानात सोबत न्या, कारण काहींना आटे असतात, काहींना नुसती कॉलर.

तीन सेलची बॅटरी असेल तर मिळतात साडेचार व्होल्ट. जास्तीचे १.३ व्होल्ट अडवायला मध्ये रेझिस्टर लावायचा. १.३ ला ०.०२ नं भागलं की ६५ येतात. बाजारात त्याच्या जवळचा ६८ ओहमचा मिळतो, त्यावर निळा, राखाडी, काळा असे पट्टे असतात. पाव वॅटचा पुरतो. एलईडी आणि रेझिस्टर मिळून दहा रुपयांच्या आत काम होतं. कल्याण स्टेशनजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, उल्हासनगरच्या बाजारात किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला हे मिळतं.

आता काम. जुना बल्ब जाड फडक्यात गुंडाळून पकडीनं हलकेच काच फोडा, डोळ्यांना चष्मा हवाच. आतला चुरा आणि डिंक खरवडून काढा. तळाच्या टोकावर सोल्डरिंगची कावी टेकवून जुनी तार ओढून घ्या. त्या भोकातून रेझिस्टरचा एक पाय बाहेर काढून सोल्डर करा. रेझिस्टरच्या दुसऱ्या पायाला एलईडीचा लांब पाय जोडा आणि जोडावर टेप किंवा प्लास्टिकची नळी चढवा. आखूड पाय गळ्याच्या पितळेला आतून जोडा. कावी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, एलईडी तापून बिघडतो. सेलची टोपीची बाजू बल्बकडे असते, म्हणून लांब पाय टोकाकडे. पेटला नाही तर पाय उलटे लागले असतील, बदलून बघा. हे काम स्वयंपाकघरात, लहान मुलांजवळ करू नका. नंतर हात साबणानं धुवा.

एक खरं सांगतो. एका एलईडीचा उजेड शेताच्या टोकापर्यंत जात नाही. पायवाट मात्र स्वच्छ दिसते, आणि पाऊल टाकायला तेवढंच हवं असतं. लांबचं बघायचं असेल तर तयार बल्बच घ्या.

बऱ्याच बॅटऱ्यांना तर नव्या दिव्याचीही गरज नव्हती. स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड साचली होती, एवढंच. सेल काढा, हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून पूड पुसा, पॉलिश पेपरनं घासून कोरडं करा. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. उन्हाळ्यात सेल काढून ठेवा. संपलेला सेल चुलीत कधीच टाकू नका.

कुणी म्हणेल, स्वस्तातली चार्जिंगची बॅटरी घेऊ. घ्या, पण लाइट दोन दिवस गेली तर ती भरणार कुठे? २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-बदलापूरकडच्या लोकांनी ते अनुभवलं आहे. सेल किराणा दुकानात मिळतो. आणि चार्जिंगला लावलेली बॅटरी उघडू नका, आत शॉक बसू शकतो.

आमच्या गटात आता दोघी जणी कावी चालवतात. गावातल्या बॅटऱ्या त्यांच्याकडे येतात, सामानाचा खर्च आणि वर थोडी मजुरी मिळते. तुमच्या गटातही एकीनं शिकावं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली बंद बॅटरी आणावी, एवढंच आमचं सांगणं.

आणि एवढं करूनही साप चावलाच, तर चिरा देऊ नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा.