नाउपाका : एका अर्ध्या फुलाचे वाचन

नाउपाकाचे फूल प्रथमच पाहणाऱ्याला ते कोणी मधोमध फाडून अर्धे ठेवले असावे, असे वाटते. पाचही पाकळ्या एकाच बाजूला पंख्यासारख्या पसरलेल्या असतात; दुसरी बाजू रिकामी. हवाई बेटांवर या नावाची झुडपे दोन ठिकाणी आढळतात. समुद्रकाठच्या वाळूत वाढते ते 'नाउपाका काहाकाइ' आणि डोंगरावर वाढते ते 'नाउपाका कुआहिवी'. 'काहाकाइ' म्हणजे सागरतीर आणि 'कुआहिवी' म्हणजे पर्वत. दोहोंची फुले अर्धी. या अर्धेपणाचा उलगडा करणाऱ्या ज्या कथा तेथे सांगितल्या जातात, त्यांचा झुडपाच्या संदर्भात विचार करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

या कथांची दोन रूपे विशेष प्रचलित आहेत. पहिल्या रूपात नाउपाका ही राजकन्या असून काउइ नावाच्या सामान्य कुळातील तरुणावर तिचे प्रेम असते. हा विवाह देवांना मान्य नाही, असे कळल्यावर ती कानावरचे फूल काढून त्याचे दोन भाग करते, एक त्याच्या हाती देते आणि डोंगरावर निघून जाते. तो समुद्रकाठी राहतो. जवळची झुडपे हे दुःख पाहतात व तेव्हापासून अर्धीच फुले देऊ लागतात. दुसऱ्या रूपात ज्वालामुखीची देवता पेले एका तरुणावर अनुरक्त होते. तो आपल्या प्रियेला सोडीत नाही, तेव्हा ती तप्त लाव्हा घेऊन त्याचा डोंगरापर्यंत पाठलाग करते. पेलेच्या बहिणी त्याला वाचवण्यासाठी पर्वतावरचे नाउपाका करून टाकतात. समुद्राकडे पळालेली त्याची प्रिया किनाऱ्यावरचे नाउपाका होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पहिल्या रूपात डोंगरावर जाते ती स्त्री, दुसऱ्यात पुरुष. पहिल्यात विरहाचे कारण कुलभेद, दुसऱ्यात देवतेची असूया. पात्रे, कारणे व दिशा सारेच बदलते. बदलत नाही ते अर्धे फूल आणि डोंगर व समुद्र यांमधील अंतर. म्हणजे या परंपरेतील स्थिर संहिता कथेची नसून झुडपाची आहे, आणि कथा ही तिची भाष्ये आहेत.

भारतीय अभ्यासकाला येथे 'तोल्काप्पियम्'मधील तिणै-व्यवस्थेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तेथे कुरिंजी या फुलाच्या नावाने ओळखला जाणारा पर्वतप्रदेश मीलनाचा, तर नेय्दल या फुलाच्या नावाचा सागरतीर विरहव्याकुळतेचा. हे साम्य प्रभावाचे द्योतक मानण्याचे कारण नाही. उलट भेदच अधिक बोलका आहे. तमिळ कवीने प्रत्येक भूमीला तिचे स्वतंत्र फूल दिले. हवाईच्या कथाकाराने एकच पुष्पनाम दोन भूमींत विभागले. तेथे फूल भावाचे सूचक आहे, येथे फुलाची आकृतीच विरह झाली आहे.

वनस्पतिशास्त्राचे म्हणणे मात्र निराळे आहे. लिनीअसने १७७१ मध्ये या प्रजातीला 'स्कीव्होला' हे नाव दिले. त्याच्या मुळाशी 'डावा' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. बेटवासीयांना जेथे अर्धे फूल दिसले, तेथे युरोपीयांना हात दिसला. वस्तुतः हे फूल अपूर्ण नाहीच. त्याच्या पाकळ्यांची नळी एका बाजूने चिरलेली असते, म्हणून पाकळ्या दुसऱ्या बाजूला उघडतात. कळीतच पराग कुक्षीभोवतीच्या एका लहानशा पेल्यात साठतो व फूल उमलल्यावर हळूहळू बाहेर ढकलला जातो. मधासाठी येणाऱ्या कीटकाच्या अंगाला तो लागतो. जे वैगुण्य भासते ती परागणाची योजना आहे.

याहून महत्त्वाची बाब वंशाची. हवाई बेटे जवळच्या खंडापासून सुमारे ३,८०० किलोमीटर दूर आहेत. किनाऱ्यावरच्या नाउपाकाची पांढरी फळे खाऱ्या पाण्यावर दीर्घकाळ तरंगतात व तरीही रुजतात; म्हणूनच हेच झुडूप अंदमान-निकोबार व लक्षद्वीप बेटांवरही नैसर्गिकरीत्या वाढते. डोंगरावरच्या जातींची फळे जांभळट-काळी व रसाळ असून पक्षी ती खातात, आणि या जाती हवाईबाहेर कोठेही नाहीत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ही प्रजाती या बेटांवर तीन वेगवेगळ्या वेळी आली. किनाऱ्याची जात आणि डोंगरावरच्या जाती वेगवेगळ्या आगमनांतून आल्या आहेत. कथा म्हणते, एकाचे दोन झाले. शास्त्र म्हणते, तेथे ती दोन म्हणूनच आली. त्यांना एक केले ते भाषेने, एका नावात बांधून.

ते नाव धारण करणारी भाषाही संकटातून गेली आहे. १८९६ च्या कायद्याने शाळांतून इंग्रजी हे शिक्षणाचे माध्यम ठरले आणि हवाईयन मागे पडली. १९७८ मध्ये तिला राज्याच्या घटनेत अधिकृत भाषेचे स्थान मिळाले. झुडपांचे भवितव्य मात्र समान नाही. किनाऱ्याचे नाउपाका फ्लोरिडात नेऊन लावले गेले आणि तेथे ते मूळच्या वनस्पतींना हटवू लागले आहे. डोंगरातील मूळ अरण्ये मात्र रानडुकरे, बकऱ्या व बाहेरून आलेल्या वनस्पतींमुळे क्षीण होत आहेत. वाळूत पसरणारी एक स्थानिक खुजी जात तर १९८६ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे.

मौखिक वाङ्मयाचे जतन म्हणजे कथा लिहून ठेवणे, असे आपण सामान्यतः मानतो. नाउपाकाची कथा ही समजूत अपुरी ठरवते. दोन्ही झुडपे डोळ्यांपुढे आहेत तोवरच 'काहाकाइ' हे विशेषण कोणापासून तरी दूर असल्याचे सांगते. डोंगरावरचे झुडूप नाहीसे झाले, तर कथेचे सर्व शब्द शाबूत राहतील. पण किनाऱ्यावरचे फूल कोणाची वाट पाहत आहे, हे दाखवता येणार नाही.