मॉरिशस : स्वराज्य आणि शिरगणती

७ ऑगस्ट १९६७ रोजी मॉरिशसमध्ये झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांपुढे वस्तुतः एकच प्रश्न होता : ब्रिटनपासून स्वतंत्र व्हायचे की नाही? सर शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखालील स्वातंत्र्यवादी आघाडीने ६२ पैकी ३९ जागा जिंकल्या आणि प्रश्नाचा निकाल लागला. तथापि सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाच्या पारड्यात पडली होती. रॉड्रिग्ज बेटाने तर जवळजवळ एकमुखाने विरोध नोंदवला. साम्राज्य आवरते घेतले जात असताना इतक्या मोठ्या संख्येने प्रजेने राज्यकर्त्यांना ‘जाऊ नका’ असे मतपेटीतून सांगावे, हे विरळाच. या मतदारांना राणीविषयी फार प्रेम होते असे मानण्याचे कारण नाही. इंग्रज गेल्यावर त्यांच्या खुर्चीत कोण बसणार, याचे उत्तर त्यांना ठाऊक होते आणि त्याचीच त्यांना धास्ती होती.

या बेटाला मूळ रहिवासी नाहीत. सगळेच बाहेरून आलेले. १७१५ पासून फ्रेंचांनी गुलामांच्या श्रमावर येथे मळे उभे केले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, पण फ्रेंच कायदा, भाषा आणि मळेवाल्यांचा रुबाब तसाच राहू दिला. गुलामगिरी संपत आली तेव्हा, १८३४ पासून, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून गिरमिटिया मजूर येऊ लागले. पुढील आठ-नऊ दशकांत त्यांची संख्या साडेचार लाखांच्या घरात गेली. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातील माणसेही होती. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. स्वातंत्र्याच्या सुमारास लोकसंख्येत निम्म्याहून थोडे अधिक हिंदू, साधारण सहावा हिस्सा मुसलमान, मूठभर चिनी आणि उरलेले क्रिओल व फ्रेंच वंशाचे लोक, अशी विभागणी होती.

१८८५ च्या घटनेने विधिमंडळात दहा लोकनियुक्त सभासद आणले खरे, परंतु मालमत्तेच्या अटीमुळे मतदान हा मळेवाल्यांचा आणि शहरी सुखवस्तूंचा घरगुती मामला राहिला. १९३६ मध्ये मजूर पक्ष स्थापन करणारे डॉ. मॉरिस क्युरे हे क्रिओल होते, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या कोलाहलात विसरली जाते. खरे वळण आले १९४७ च्या घटनेने. बेटावरील प्रचलित भाषांपैकी कोणत्याही एका भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढाला मत मिळाले. बासदेव बिसुनदयाळ यांच्या जनआंदोलनाने गावोगावच्या बैठकांतून ऊसमजुरांना अक्षरओळख करून दिली. प्रौढशिक्षणाचा वर्ग हाच मतदार नोंदणीचा वर्ग झाला! मतदारांची संख्या सुमारे बारा हजारांवरून सत्तर हजारांपुढे गेली आणि १९४८ च्या निवडणुकीत १९ पैकी ११ जागांवर हिंदू उमेदवार निवडून आले. मुसलमान एकही आला नाही.

येथून पुढे मॉरिशसचे राजकारण एका अंकगणितात अडकले. गव्हर्नरने बारा सभासद नेमून लोकनियुक्तांचे बळ बोथट केले. अब्दुल रझाक महंमद यांच्या मुस्लिम कृतिसमितीला स्वतंत्र प्रतिनिधित्वाची हमी हवी होती. क्रिओल आणि फ्रेंच वंशीयांच्या पक्षाला प्रमाणशीर प्रतिनिधित्व हवे होते. रामगुलाम यांच्या मजूर पक्षाला सरळ बहुमताची पद्धत सोयीची होती, आणि ती सोयीची का होती हे सर्वांना दिसत होते. मोर्ले-मिंटो सुधारणांनी १९०९ मध्ये भारतात पेरलेल्या विभक्त मतदारसंघांचे पीक लंडनने नुकतेच पाहिले होते. ते बियाणे पुन्हा वापरण्याची त्याची तयारी नव्हती. १९५७ च्या सीमा आयोगाने मग एकसदस्यीय चाळीस मतदारसंघ अशा रीतीने आखले की प्रत्येक समाजाला कोठे ना कोठे वाव मिळावा. मतदारसंघाची आखणी हा एरवी कारकुनी विषय. येथे तोच स्वातंत्र्यलढ्याचा गाभा होता. १९५९ मध्ये सर्वांना मताधिकार मिळाला आणि मजूर पक्ष व त्याचे मित्र सहज जिंकले.

सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये अखेरची घटना परिषद भरली. विरोधी पक्षाने सार्वमत मागितले. ते नाकारले गेले आणि त्याचे प्रतिनिधी उठून गेले. निवडणूक हेच सार्वमत मानायचे ठरले. पण निवडणूक कोणत्या पद्धतीने? बॅनवेल आयोगाने १९६६ मध्ये प्रत्येकी तीन सभासदांचे वीस मतदारसंघ आणि रॉड्रिग्जला दोन जागा सुचवल्या. अल्पसंख्याकांसाठी सुचवलेल्या दुरुस्तीवर मजूर पक्ष व त्याचे मित्र बिथरले. तेव्हा ब्रिटिश राज्यमंत्री जॉन स्टोनहाउस यांनी बेटावर जाऊन तडजोड घडवली : आठ जादा जागा. ज्या समाजाला लोकसंख्येच्या मानाने कमी प्रतिनिधित्व मिळाले असेल, त्यातील पराभूत उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणाऱ्यांना त्या द्यायच्या. पहिल्या चार जागा पक्ष न पाहता, उरलेल्या चार पक्षीय समतोल राखून. हीच ‘बेस्ट लूझर’ पद्धत.

घटनेच्या परिशिष्टात त्यासाठी चार कप्पे करण्यात आले : हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन, आणि आपल्या जीवनपद्धतीवरून या तिहींत न बसणारे सर्व म्हणजे ‘सामान्य लोकसंख्या’. गोरा मळेवाला आणि त्याच्याच पूर्वजांनी विकत घेतलेल्या गुलामाचा वंशज या एकाच चौथ्या कप्प्यात आले. तमिळ, तेलुगू, मराठी यांची बेटावरील ओळख निराळी, देवळे निराळी. कप्पा मात्र हिंदूंचा.

ही पद्धत हास्यास्पद वाटते, पण तिची टिंगल करण्यापूर्वी काही गोष्टी पाहिल्या पाहिजेत. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान यांच्यात दंगली पेटल्या, सिंगापूरहून ब्रिटिश सैन्य आणावे लागले. दांडी यात्रेचे स्मरण म्हणून निवडलेल्या १२ मार्च या दिवशी स्वातंत्र्य आले, ते अशा सावटाखाली. पुढच्याच वर्षी स्वातंत्र्याचे कट्टर विरोधक गाएतां द्युवाल रामगुलाम यांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाले. १९८२ मध्ये विरोधकांनी मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा जिंकल्या, तेव्हा पराभूतांना सभागृहात थोडी तरी जागा मिळाली ती याच पद्धतीमुळे. पराभवानंतरही आपले कोणीतरी आत असेल, हा विश्वास लहान समाजांना त्या आठ जागांनी दिला. फिजी किंवा ब्रिटिश गयाना यांच्याशी तुलना केली, तर त्याचे मोल कळते.

किंमत मात्र मोठी आहे. १९८२ नंतर जनगणनेत समाज विचारणे बंद झाले, त्यामुळे आठ जागांचा हिशेब १९७२ च्या आकड्यांवरच चालत राहिला. आजोबांच्या काळच्या शिरगणतीवर नातवांचे प्रतिनिधित्व ठरते. समाज जाहीर करण्यास नकार देणाऱ्या उमेदवारांचे अर्ज बाद झाले. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने यात हक्कभंग असल्याचे म्हटले. २०१४ च्या निवडणुकीपुरती सक्ती शिथिल झाली. मूलभूत बदलाचे २०१८ मधील विधेयक तीन-चतुर्थांश बहुमताअभावी बारगळले. आठ जागा काढल्या तर भीती परत येईल असे म्हणणारे, आणि त्या आहेत म्हणूनच भीती टिकून आहे असे म्हणणारे, दोघेही पोर्ट लुईत भेटतात. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्यांकडे आहे. मात्र अल्पसंख्याकांची संमती न घेता हा बदल करणे आगीशी खेळ ठरेल.

या साऱ्या हिशेबात ज्यांना एकही कप्पा मिळाला नाही, अशी माणसेही होती. लँकेस्टर हाउसची परिषद चालू असतानाच, २३ सप्टेंबर १९६५ रोजी, पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी रामगुलाम यांची स्वतंत्र भेट घेतली. स्वातंत्र्याची आशा दाखवायची आणि छागोस बेटे सोडली नाहीत तर ते मिळणार नाही ही धास्तीही घालायची, असा सल्ला विल्सन यांना भेटीपूर्वीच्या टिपणात मिळाला होता. नोव्हेंबरात ती बेटे तीस लाख पौंडांच्या मोबदल्यात तोडली गेली. १९६८ ते १९७३ या काळात दिएगो गार्सियावरील अमेरिकी तळासाठी तेथील सुमारे दीड हजार रहिवाशांना हुसकावण्यात आले; त्यांतील बहुतेक पोर्ट लुईच्या झोपड्यांत येऊन पडले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी मॉरिशसचे निर्वसाहतीकरण कायदेशीररीत्या पूर्णच झाले नव्हते, असे मत दिले. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशस यांच्यात करार झाला : सार्वभौमत्व मॉरिशसचे, दिएगो गार्सिया ९९ वर्षे ब्रिटनच्या ताब्यात. त्याच दिवशी दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन स्त्रियांनी आपल्याला कोणी विचारलेच नाही म्हणून लंडनच्या न्यायालयातून तात्पुरती मनाई मिळवली होती. ती काही तासांत उठवण्यात आली आणि सह्या झाल्या.